प्लेट-स्क्रू, कृत्रिम गादी की नुसती नस मोकळी करणं? मणक्याच्या ऑपरेशनआधी ठरवायचं कसं

एकाच एमआरआयवर तीन सर्जनची तीन मतं, हा अनुभव पुण्यात घरोघरी येतो. एक म्हणतात कृत्रिम गादी बसवू, दुसरे म्हणतात दोन मणके स्क्रूने जोडून टाकू, तिसरे म्हणतात बाहेर आलेला तुकडा काढला की काम झालं. घरचे मग ‘खरं कोणाचं धरायचं’ यावर अडतात. बहुतेक वेळा तिघंही प्रामाणिक असतात. दुखण्याचं मूळ कोणी कुठे धरलं यावर मत बदलतं. म्हणून आधी मूळ शोधायचं आणि मग ऑपरेशनचं नाव घ्यायचं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

‘हालचाल राखणारी शस्त्रक्रिया’ म्हटलं की लोकांना कृत्रिम गादीच आठवते. खरं तर ज्या ऑपरेशनमध्ये दोन मणके एकमेकांना कायमचे जोडले जात नाहीत, ती सगळी यात मोडतात: गादीचा बाहेर आलेला तुकडा काढणं, नसेची वाट मोकळी करणं, मानेतल्या मज्जारज्जूवरचं हाडाचं छत उघडणं आणि कृत्रिम गादी बसवणं. ज्यांना ऑपरेशन लागतं आणि हालचालही राखता येते, त्यातल्या बहुतेकांचं काम पहिल्या तीन प्रकारांत होतं. कृत्रिम गादी हा त्यातला सगळ्यात निवडक पेशंटसाठीचा पर्याय आहे, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या.

आधी हे तपासा: थांबायचं नाही अशी लक्षणं

लघवी अडली, किंवा कळत नकळत होऊ लागली. शौचावरचा ताबा गेला. जिथे आपण सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात बधिरपणा आला. दोन्ही पायांत एकदम कमजोरी आली. यातलं एक जरी नव्याने सुरू झालं असेल तर दुसऱ्या मताची अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. कमरेतल्या नसांचा सगळा झुबका दाबला गेल्याची ही खूण असते, आणि २४ ते ४८ तासांच्या आत मोकळं केलं तर लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता चांगली राहते. पाऊल एकाएकी लुळं पडून चालताना चप्पल निसटू लागली, तर तीही घाईचीच गोष्ट.

मानेचा धोका याहून शांतपणे येतो. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, किल्ली कुलपात नीट बसत नाही, जिन्यात तोल जातो, आणि मान मात्र फारशी दुखत नाही. घरी एक चाचणी करा: मूठ पूर्ण बंद, मग बोटं पूर्ण उघडी, असं १० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. साधारण २० वेळा जमायला हवं. बरंच कमी होत असेल, बोटं अर्धवटच उघडत असतील, तर मज्जारज्जूवर दाब आहे का हे बघायलाच हवं. इथे ‘दुखत नाही, मग राहू द्या’ हे सर्वांत महागात पडणारं वाक्य आहे.

संध्याकाळचा ताप, घटतं वजन, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा टीबी डोळ्यांपुढे ठेवा. आपल्याकडे तो आजही नेहमी दिसतो. त्यावर साधारण वर्षभर औषधं चालतात आणि पुष्कळांना ऑपरेशन लागतच नाही. जंतुसंसर्ग असलेल्या जागी कृत्रिम गादी कधीच बसवत नाहीत.

मणक्यात हलतं काय

एक हलता सांधा म्हणजे दोन मणके, त्यांच्यामध्ये पुढच्या बाजूला एक गादी आणि मागे डावी-उजवीकडे दोन छोटे सांधे. या छोट्या सांध्यांना फॅसेट म्हणतात. म्हणजे प्रत्येक पातळीला तीन टेकू. पुढचा टेकू बदलला तरी मागचे दोन जुनेच राहतात, आणि निवडीचं निम्मं उत्तर या एका गोष्टीत आहे. फॅसेट झिजून खरखरीत झाले असतील तर नवी गादी त्यांना आणखी हलवणार आणि ते आणखी दुखणार.

मान डावी-उजवीकडे जी वळते, त्यातलं जवळपास अर्धं वळणं सर्वांत वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं, आणि तिथे गादीच नसते. गाद्या झिजतात त्या मुख्यतः सी-५-६ आणि सी-६-७ या खालच्या पातळ्यांवर (सी म्हणजे मानेचे मणके, वरून मोजलेले). त्यामुळे यातली एक पातळी जोडली तरी गाडी मागे घेताना मान वळवायला फारसा फरक जाणवत नाही. कमरेचं वळणं मुळातच प्रत्येक पातळीला दोन-तीन अंशांचं, आणि खाली वाकण्यातला मोठा वाटा खुब्याचा. ‘एक मणका जोडला की माणूस काठीसारखा ताठ होतो’ ही भीती म्हणूनच चुकीची आहे.

मग हालचाल राखायची कशासाठी? शेजारच्या गाद्यांसाठी. एक पातळी जोडली की वरच्या-खालच्या पातळीवर ताण वाढतो. मानेच्या फ्यूजननंतर, म्हणजे मणके जोडण्याच्या ऑपरेशननंतर, शेजारच्या पातळीचा नवा त्रास वर्षाला शंभरात सुमारे ३ जणांना होतो, असं १९९९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं. त्यातला किती भाग फ्यूजनमुळे आणि किती वयानुसार होणारच होता, यावर सर्जनमध्ये अजून वाद आहे. चाळिशीच्या माणसापुढे अजून तीस-चाळीस वर्षं असतात, म्हणून त्याच्या बाबतीत हा मुद्दा वजनदार. सत्तरीत तितका नाही.

पायरी १: दुखणं शंभर पैशांत वाटा

एक कागद घ्या. एकूण त्रास शंभर पैसे धरला तर पाठीत किंवा मानेत किती आणि पायात किंवा हातात किती, ते लिहा. ‘पाठ २०, पाय ८०’ असं उत्तर आलं तर नस दबली आहे आणि ती मोकळी केल्यावर आराम पडण्याची शक्यता चांगली. ‘पाठ ९०, पाय १०’ असं आलं तर कुठल्याही ऑपरेशनबाबत हात आखडता घ्या, मग ते हालचाल राखणारं असो की जोडणारं. नुसत्या कंबरदुखीसाठी केलेल्या ऑपरेशनांचे निकाल नसेच्या दुखण्याइतके भरवशाचे नसतात.

मग चमक नेमकी कुठवर जाते ते लिहा. अंगठ्याकडे जात असेल आणि टाचांवर चालताना पुढचं पाऊल उचलत नसेल तर एल-५ ची नस (एल म्हणजे कमरेचे मणके, एस म्हणजे त्यांच्याखालचं त्रिकोणी हाड). करंगळीकडे, तळपायाच्या बाहेरच्या कडेने जात असेल आणि एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उभं राहता येत नसेल तर एस-१. हातात अंगठ्याला मुंग्या म्हणजे सी-६, मधल्या बोटाला म्हणजे सी-७, करंगळीला म्हणजे सी-८. हा नकाशा काटेकोर नसतो, पण एमआरआयशी ताडून पाहायला पुरतो.

साठीनंतरच्या माणसाने आणखी एक गोष्ट नोंदवावी: किती पावलांनंतर पाय जड होतात? सारसबागेत अर्धा फेरा मारला की बसावं लागतं, पण सुपरमार्केटची ट्रॉली ढकलत पुढे झुकून चाललं तर तासभर फिरता येतं, असं असेल तर नसांची नळी अरुंद झाली आहे. पुढे झुकल्यावर ती नळी जराशी मोकळी होते, म्हणून आराम. पायाच्या रक्तवाहिन्यांच्या दुखण्यात नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं. इथे बसावं किंवा वाकावं लागतं. हा फरक डॉक्टरांना सांगा.

पायरी २: एमआरआय त्या कागदाशेजारी ठेवा

रिपोर्टमधल्या शब्दांनी घाबरू नका. एका मोठ्या पाहणीत, काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीत हे प्रमाण ९६ टक्के होतं. ‘बल्ज’ म्हणजे गादी टायरसारखी थोडी फुगणं, हे विशीत ३० टक्क्यांना आणि ऐंशीत ८४ टक्क्यांना, तेही दुखत नसताना. म्हणून फक्त एमआरआयवर ऑपरेशन ठरत नाही. उजवा पाय दुखतोय आणि तुकडा डावीकडे आहे, तर तो तुकडा या दुखण्याचा आरोपी नाही.

‘एक्सट्रूजन’ म्हणजे आतला गर वेष्टण फाडून बाहेर आला, ‘सीक्वेस्ट्रेशन’ म्हणजे तुकडा तुटून सुटा झाला. वाचायला भयंकर, पण असे मोठे सुटे तुकडे शरीर स्वतःच विरघळवून टाकण्याची शक्यता साध्या फुगवट्यापेक्षा जास्त असते.

पायरी ३: सहा ते बारा आठवडे, पण हातावर हात ठेवून नाही

वरची घाईची लक्षणं नसतील तर गादीच्या तुकड्यामुळे झालेली सायटिका बहुतेकांची ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरीच ओसरते. या काळात दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरूण धरू नका. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चाला, एका जागी अर्ध्या तासाहून जास्त बसू नका, फिजिओथेरपिस्टकडून तुमच्या दुखण्यापुरते व्यायाम शिका. सूर्यनमस्कार आणि यूट्यूबवरची आसनं सध्या बाजूला ठेवा. नस चिडलेली असताना खोल वाकण्याने ती आणखी ताणली जाते. हिंजवडीला जाणाऱ्यांनी शक्य तितके दिवस घरून काम मागून घ्यावं. दुचाकीवर मागे बसणं ‘चालवण्यापेक्षा बरं’ असं अनेकांना वाटतं. ते उलट आहे: मागची सीट चाकाच्या वर किंवा मागे असते, स्पीडब्रेकरचा दणका तिथे जास्त बसतो आणि पाय टेकून तो झेलताही येत नाही.

गोळ्यांनी भागलं नाही तर एक्स-रेखाली नसेच्या मुळाशी इंजेक्शन देतात. त्याने काही आठवडे आराम पडतो आणि कुठली नस दोषी तेही कळतं. दुखरी नस बधिर केल्यावर तासाभरात पायातली चमक गेली तर सर्जनला जागेची खात्री पटते, आणि पुढे ऑपरेशनची वेळ आलीच तर ही नोंद फार कामाची ठरते.

थांबण्याचा अपवाद एकच: ताकद उतरत जाणं. डॉक्टर ताकद ५ पैकी मोजतात. मागच्या आठवड्यात ४ होती, आता ३ आहे, तर बारा आठवडे मोजत बसायचं नाही.

पायरी ४: हलतानाचे फोटो काढून घ्या

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण हीच सर्वांत जास्त वेळा सुटते. एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर घसरलेला मणका जागेवर येऊन बसू शकतो आणि फिल्म निर्दोष दिसते. म्हणून उभ्याने काढलेले एक्स-रे हवेत: समोरून, बाजूने, पूर्ण पुढे वाकून आणि पूर्ण मागे झुकून. खर्च एमआरआयच्या मानाने किरकोळ. दुखतंय म्हणून अर्धवटच वाकलात तर फोटोचा उपयोग नाही. लागलंच तर गोळी घेऊन जा आणि तंत्रज्ञाला सांगा, ‘जमेल तितकं वाकतो, मग काढा.’

वाकलेला आणि झुकलेला असे दोन्ही फोटो खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरा. प्रत्येक मणका बाजूने चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. खालच्या ठोकळ्याच्या मागच्या कडेवर पट्टी उभी धरून वर वाढवा. वरच्या ठोकळ्याची मागची कड त्याच रेषेत आहे का? एका फोटोत रेषेत आणि दुसऱ्यात पुढे सरकलेली असेल तर ती पातळी सैल आहे. मानेत ३ ते ३.५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकणं किंवा शेजारच्या पातळीपेक्षा ११ अंशांहून जास्त कोन उघडणं, हे अस्थिरतेचं लक्षण मानतात. नेमकं माप सर्जनने संगणकावर घ्यायचं असतं; तुम्ही पट्टी धरायची ती प्रश्न विचारता यावा म्हणून.

उलट बाजूही बघा. दोन्ही फोटोंत त्या पातळीचा कोन जरासुद्धा बदलत नसेल, गादीची उंची निम्म्याहून कमी उरली असेल, कडांना हाडाचे पूल आले असतील, तर ती पातळी आधीच जवळपास जुळली आहे. तिथे राखायला हालचालच उरलेली नाही. अशा ठिकाणी कृत्रिम गादी बसवली तरी ती हलेल याची खात्री नाही.

सोबत तीन तपासण्या प्रसंगानुसार. फॅसेट आणि हाडाच्या वाढी नीट पाहायच्या तर सीटी स्कॅन. मानेत मज्जारज्जूपुढचा बंध हाडासारखा कडक झाला असेल तर तोही सीटीवर स्पष्ट कळतो, एमआरआयवर निसटू शकतो. पन्नाशीपुढच्या, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हाडांची घनता मोजणारी डेक्सा: टी-स्कोअर उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. ठिसूळ हाडात धातूची गादी हळूहळू रुतते. आणि पाठीला बाक किंवा बाजूला वळण असेल तर डोक्यापासून खुब्यापर्यंतचा उभा लांब एक्स-रे.

पायरी ५: कुठलं ऑपरेशन कोणाला

कमरेतला गादीचा तुकडा, पायाचं दुखणं जास्त, पातळी स्थिर: मायक्रोडिस्केक्टमी. दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, हाडात छोटी खिडकी, पिवळा बंध उघडून नस अलगद बाजूला आणि सुटा तुकडा चिमट्याने बाहेर. उरलेली गादी तशीच राहू देतात. एंडोस्कोपने हेच काम सेंटिमीटरभर छेदातून होतं. जखम लहान, पण नस मोकळी होण्याचा निकाल दोन्हींत सारखाच धरा. छेदाच्या लांबीपेक्षा सर्जनचा हात कुठल्या पद्धतीत बसला आहे हे महत्त्वाचं. बिघडतं काय? त्याच जागी पुन्हा तुकडा येणं, साधारण शंभरात ५ ते १५ जणांना. नसांच्या पिशवीला चीर पडून पाणी गळणं. जंतुसंसर्ग. आणि चुकीची पातळी उघडली जाणं. ते टाळायला छेदाआधी आणि नंतर सुई ठेवून सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीतल्या एक्स-रे मशीनवर, खात्री करतात. तुमच्या सर्जनना याबद्दल विचारायला संकोच करू नका.

अरुंद नळी, पातळी स्थिर: नळी आतून कोरून मोकळी करणं. इथे कसब असतं ते फॅसेट वाचवण्यात. एका बाजूचा फॅसेट निम्म्याहून जास्त कापला गेला तर ती पातळी पुढे घसरू शकते आणि आज टाळलेलं फ्यूजन दोन वर्षांनी करावं लागतं. एखाद-दोन मिलिमीटर स्थिर घसरण असलेल्या वयस्क माणसालाही नुसत्या मोकळं करण्याने आराम पडू शकतो, म्हणून ‘घसरलाय म्हणजे स्क्रू हवेतच’ हे सरसकट मान्य करू नका.

मानेत एका बाजूची नस, तुकडा कडेला: मागून छोटं छिद्र पाडून नसेची वाट रुंद करतात. आत काही ठेवावं लागत नाही, गळ्याला धक्का नाही. दुर्दैवाने हा पर्याय पेशंटपुढे फार कमी वेळा मांडला जातो. तुमचा तुकडा कडेला असेल तर मुद्दाम विचारा.

मानेत तीन-चार पातळ्यांवर मज्जारज्जू दबलेला, आणि मानेचा नैसर्गिक बाक शाबूत: लॅमिनोप्लास्टी. मागच्या हाडांना एका बाजूला पूर्ण काप आणि दुसऱ्या बाजूला अर्धा, मग दारासारखं उघडून छोट्या पट्ट्यांनी उघडंच ठेवायचं. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली. मान पुढे वाकलेलीच असेल तर मज्जारज्जू मागे सरकत नाही आणि ऑपरेशन फुकट जातं. शंभरात सुमारे ५ जणांना ऑपरेशननंतर खांदा उचलायला त्रास होतो. तो बहुतेकांचा काही महिन्यांत भरून येतो, पण आधी माहीत नसेल तर घरचे हादरतात.

आता मानेची कृत्रिम गादी. योग्य पेशंट असा: साधारण तिशी ते पन्नाशी, सी-३ ते सी-७ मधल्या एक किंवा लगतच्या दोन पातळ्या, हाताचं दुखणं किंवा मज्जारज्जूवरचा दाब समोरून आणि गादीच्याच पातळीला, फॅसेट चांगले, हालचाल शिल्लक, हाडं मजबूत. गळ्याच्या घडीत तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला सारतात, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला, आणि गादी पूर्ण काढतात. फ्यूजनमध्ये मागे राहिलेली एखादी हाडाची कड पुढे त्रास देईलच असं नाही, कारण हालचाल थांबलेली असते. कृत्रिम गादीत मात्र दोन्ही बाजूंच्या नसा पूर्ण मोकळ्या करायलाच हव्यात. शिवाय गादी नेमकी मध्यावर आणि मणक्याच्या रुंदीला पुरेशी हवी. जास्त उंच बसवली की मागचे फॅसेट ताणले जाऊन मान सतत दुखते आणि हालचालही कमी होते; फार लहान बसवली की ती रुतते. काही जणांत गादीभोवती नवं हाड वाढून काही वर्षांत ती पातळी आपोआप जुळते. दुखत नसेल तर त्याला काही करायचं नसतं. आवाज बसणं आणि गिळताना अडकल्यासारखं वाटणं हे समोरून केलेल्या कुठल्याही मानेच्या ऑपरेशननंतर काही दिवस ते आठवडे होतं.

कमरेच्या कृत्रिम गादीचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १९८४ साली बर्लिनमध्ये ‘शारिते’ नावाची गादी पहिल्यांदा बसवली गेली, आणि ती घडवणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी कारिन ब्युटनर-यान्झ या १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण मिळवलेल्या खेळाडू होत्या. अमेरिकेत तिला २००४ मध्ये मान्यता मिळाली. तरीही कमरेत ही शस्त्रक्रिया आजही मोजक्यांवरच होते, आणि ते योग्यच आहे. वाट पोटातून जाते, मोठ्या शिरा बाजूला धराव्या लागतात. एल-५-एस-१ ला पुरुषांमध्ये वीर्य उलट मूत्राशयात जाण्याचा धोका असतो, म्हणून मूल हवं असलेल्या तरुणाने आधी बोलायलाच हवं. पुन्हा उघडायची वेळ आली तर शिरा चिकटलेल्या असतात आणि ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. रक्तवाहिन्यांचे सर्जन हजर नसतील तिथे हे करून घेऊ नका.

स्क्रूंना लवचीक दोरी किंवा दांडी जोडणारे, दोन मणक्यांच्या मागच्या टोकांत पाचर बसवणारे प्रकारही ‘हालचाल राखणारे’ म्हणून पुढे येतात. हलणाऱ्या सांध्यातला स्क्रू कालांतराने सैल होण्याची भीती असते. यांचा फायदा नुसत्या मोकळं करण्यापेक्षा नेमका किती, हे सर्जनने तुमच्या फोटोंवर दाखवलं तरच पुढे जा.

आणि जोडणंच योग्य तेव्हा जोडून घ्या: वाकताना सरकणारा मणका, झिजून गेलेले फॅसेट, फ्रॅक्चर, गाठ, संसर्गाने खाल्लेलं हाड, वाढता बाक, किंवा एकाच जागी तिसऱ्यांदा आलेला तुकडा. समजा ६६ वर्षांच्या आजी, एल-४ पुढे वाकल्यावर ६ मिलिमीटर सरकतो, पाठ ५० आणि पाय ५०. इथे दुखण्याचं कारणच ती हालचाल आहे; ती राखली तर दुखणंही राखलं. आणि समजा ३८ वर्षांचा मुलगा, सी-६-७ ला तुकडा, मधलं बोट बधिर, फॅसेट स्वच्छ, दहा आठवडे झाले तरी झोप नाही. याला कृत्रिम गादी, मागून नस मोकळी करणं आणि फ्यूजन हे तिन्ही चालू शकतात, आणि निवड तुकडा मध्ये आहे की कडेला यावर होईल.

पायरी ६: सर्जनसमोर आणि बिलाच्या टेबलावर

दुसऱ्या मताला जाताना रिपोर्टचा कागद पुरत नाही. सीडी किंवा लिंकसकट पूर्ण फिल्म आणि ते वाकलेले एक्स-रे न्या. मणक्याचं काम ऑर्थो आणि न्यूरो दोन्ही शाखांचे सर्जन करतात. एक मत दुसऱ्या शाखेतलं घेतलंत तर उत्तम. खासगी तपासणी परवडत नसेल तर पुणे स्टेशनजवळच्या सरकारी ससून हॉस्पिटलची ओपीडी आहे, पिंपरीकडच्यांना महापालिकेचं वायसीएम हॉस्पिटल.

विचारा: हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? उघडल्यावर गादी बसवणं जमलं नाही तर काय कराल, आणि संमतीपत्रात फ्यूजनची परवानगी आधीच लिहिली आहे का? गादीचा धातू कोणता? कोबाल्ट-क्रोममुळे पुढच्या एमआरआयमध्ये त्या भागाचं चित्र पुसट होतं, टायटॅनियममुळे कमी. तिला भारतातल्या केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आहे का?

विम्यात अनेक पॉलिसी मणक्याच्या दुखण्याला पहिली दोन वर्षं धरत नाहीत, तारीख तपासा. रूमच्या भाड्याची मर्यादा ओलांडली की बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. इम्प्लांटची किंमत अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसायचं असेल तर योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नेमकं नाव सांगून विचारा. ‘मणक्याचं ऑपरेशन’ एवढ्याने उत्तर मिळत नाही.

पायरी ७: आधीची तयारी

तंबाखू किमान सहा आठवडे बंद. यात सिगारेट, गुटखा आणि मिश्रीही आली. घरातल्या बायका मिश्रीला दात घासायची पूड समजतात आणि डॉक्टरांनी विचारलं तर ‘व्यसन नाही’ सांगतात. निकोटीन तिच्यातही आहेच आणि ते हाड नीट जुळू देत नाही, जखमही उशिरा भरते. मधुमेहींनी तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका; हृदयाचे आणि मणक्याचे डॉक्टर एकमेकांशी बोलून तारीख ठरवतील. दाताचं दुखणं, लघवीची जळजळ आधी बरी करून घ्या.

घरी भारतीय संडास असेल तर सहा आठवड्यांसाठी कमोड खुर्ची भाड्याने आणा. जमिनीवरची गादी नको, गुडघ्याइतक्या उंचीचा पलंग हवा. पेठेतल्या वाड्याचा उंच पायऱ्यांचा लाकडी जिना असेल तर पहिले दोन आठवडे खाली राहण्याची सोय बघा.

पायरी ८: नंतरचे आठवडे

नुसता तुकडा काढला असेल तर त्याच दिवशी चालवतात आणि एक-दोन दिवसांत घरी सोडतात. बरं होण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी चमक जाते, मग ताकद येते, बधिरपणा सर्वांत शेवटी, कधी कधी वर्षभराने, आणि थोडा राहूनही जातो. हे माहीत नसल्याने तिसऱ्या आठवड्यात ‘अंगठा अजून बधिर आहे, ऑपरेशन फसलं’ असं वाटून माणसं खचतात.

कमरेच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे वाकणं, पिळणं, उचलणं टाळा. दोन-तीन किलोंपर्यंत, म्हणजे दुधाच्या पिशव्या चालतील. पाण्याची कळशी नाही. भरलेला गॅस सिलिंडर तर १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं तितकंच वजन, म्हणजे तीस किलोंच्या आसपास. तो सरकवायलाही नको. टेबलाचं काम दोन ते चार आठवड्यांत, दर अर्ध्या तासाला उठून. दुचाकी साधारण सहा आठवड्यांनी. मांडी घालणं, उकिडवं बसणं सर्जन सांगतील तेव्हा. सिंहगड तीन महिन्यांनंतर, आणि उतरताना जास्त जपून, कारण दणके उतारावर बसतात. वारीत दिवे घाट चालायचा असेल तर त्याआधी सपाटीवर पाच-सहा किलोमीटर रोज जमायला हवेत. ढोलपथकातल्या मुलांनी पहिल्या गणपतीला ढोल कमरेला बांधू नये. पुढे लटकणारं वजन कंबर मागे झुकवून सावरावं लागतं, आणि नेमका तोच कोन फॅसेटवर येतो. त्या वर्षी ध्वज किंवा झांज घ्या.

मानेच्या कृत्रिम गादीनंतर कॉलर लागलाच तर काही दिवस; हालचाल लवकर सुरू करायची असते. महिनाभर भीतीने मान आखडून ठेवली तर जे राखायला ऑपरेशन केलं तेच हातचं जातं.

ताप, जखमेतून स्राव, उठून बसल्यावर डोकं ठणकणं आणि जखमेतून पाण्यासारखं गळणं, नवी कमजोरी, लघवी अडणं: लगेच फोन. मानेच्या ऑपरेशननंतर गळा सुजून श्वास कोंडला तर फोन न करता थेट इमर्जन्सी गाठा.

तपासणी सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी. कृत्रिम गादी असेल तर दर वेळी वाकलेला-झुकलेला एक्स-रे मागून घ्या, म्हणजे ती अजून हलते का हे कळेल. डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचा छोटा स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर. त्याचा फोटो काढून स्वतःच्या आणि घरच्या एकाच्या फोनमध्ये ठेवा, आणि पुढे कधीही एमआरआय काढायची वेळ आली की मशीनवर झोपण्याआधी तो तंत्रज्ञाला दाखवा.